मंगळवारी उतरणं

अकरा वर्षं मी कौनासमधून रोज चौदा वेळा गेले
आणि एकदाही उतरले नाही.

माझी ट्रॉलीबस डोक्यावरच्या दोन तारांना धरून चालते.
तारा जातील तिकडे ती, ती जाईल तिकडे मी.
नाकासमोर चालणारी बाई, म्हणायची सासू,
आणि ते तेव्हा कौतुक होतं.

तेवीस थांबे. नावं मी झोपेतही घ्यायचे,
नवरा होता तेव्हा तो सांगायचा.
सतराव्यानंतर म्हणे घोरायला लागायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सुट्टीच्या,
चमचे घासून झाले, पुन्हा घासावेसे वाटेनात,
म्हणून तिकीट काढून माझ्याच बसमध्ये बसले.
व्हिलमांतास चालवत होता. ब्रेक जरा जोरात मारतो.
चौथ्या थांब्यावर उतरले.
दार मागे मिटलं.
तो आवाज बाहेरून मी पहिल्यांदाच ऐकला.

चौथ्यामागे अंगण, अंगणाखाली तळघर,
तळघरात चाकावर माती फिरवणारे सहाजण.
रिमगाउदास मास्तर म्हणाला, बसा,
हात ओले करा, आणि घाई करू नका.
हे शेवटचं माझ्या वेळापत्रकात बसत नाही.
माझा वाडगा आधी वाडगा होता, मग टोपी,
मग जे उरलं त्याला त्याने आदराने बशी म्हटलं.
आता खिडकीत आहे. तिच्यात किल्ल्या ठेवते.
किल्ल्या घसरतात.

नवव्यावर बुद्धिबळ.
नऊ वर्षांच्या स्काइस्तेने मला सतरा चालींत गुंडाळलं
आणि दया येऊन अर्धं सफरचंद पुढे केलं.
उष्टं होतं. खाल्लं.

बाराव्यावर काही नाही.
खरंच काही नाही: बंद पडलेला मोज्यांचा कारखाना, एक बाक,
बाकावर मी, चाळीस मिनिटं.
माझ्याच नंबरच्या दोन बस समोरून गेल्या
आणि मी हात केला नाही.

जूनमध्ये नदी.
पंधराव्यापासून उतार नेमुनासपर्यंत जातो,
तिथे सात बायका होडी वल्हवतात,
सगळ्यात धाकटी अठ्ठावन्नची, आठवी हवीच होती.
वल्ह्याशी बसलं की जायचं तिकडे पाठ असते.
दिसतं ते फक्त सोडून आलेलं:
घाट, पूल, पुलावरून आपली तार सांभाळत जाणारा
खेळण्याएवढा व्हिलमांतास.
जन्मभर काचेतून पुढे बघणाऱ्या मला
पहिला अर्धा तास मळमळलं.
मग नाही.

सप्टेंबरात शेवटचा थांबा, पाइनचं रान, अळंब्यांचे दिवस.
टोळीत एक राखाडी टोपी.
नऊ वर्षं मी ती आरशात पाहते आहे,
सकाळची सहा-अठरा, पाचव्या थांब्याला हातमोजे काढते,
दहाव्याला उतरते.
त्याला मात्र काही सुचेना.
कुठेतरी पाहिलंय तुम्हाला, म्हणाला. दवाखान्यात? पोस्टात?
मी हसले, अळंबी खुडायला वळून वाकले,
आणि मागून तो ओरडलाच:
ही मान! सहा-अठराची मान!

गिंताउतास नाव आहे त्याचं.
त्याची टोपली भरली. माझ्यात तीन पडली,
त्यातलं एक त्याने न बोलता उचलून
झुडपात फेकलं. विषारी असावं.
मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

बुधवारी पुन्हा चाकामागे.
तेच थांबे, त्याच तारा,
फक्त चौथ्यावर दार दोन सेकंद जास्त उघडं ठेवते,
मातीचा वास येतो का पाहते. येत नाही.
बाराव्यावर बाक रिकामा असला तर बरं वाटतं,
कोणी बसलं असलं तर त्याहून बरं.
दीड मिनिट उशीर, डेपोत लिहून घेतात.
घेऊ देत.

सतराव्यावर अजून उतरले नाही.
तिथे कोण राहतं ते सांगणार नाही.
मंगळवार पुष्कळ आहेत.